विम्बल्डनला पाहुणे म्हणून जाताना: आमंत्रणापासून परतीच्या हिशेबापर्यंत

फोर्टातल्या ऑफिसात माझ्याकडे जी कामं आहेत, त्यांत वर्षातून एकदा येणारं एक काम म्हणजे आमच्या डीलर मंडळींना लंडनला विम्बल्डनच्या टेनिस स्पर्धेला नेऊन सुखरूप परत आणणं. ऐकणाऱ्याला हेवा वाटतो. प्रत्यक्षात जानेवारीपासून जुलैपर्यंत माझ्या फोनवर पासपोर्टच्या शेवटच्या पानाचे फोटो, "मॅडम, तिकडे चपाती मिळेल का" आणि "सामना कुणाचा आहे" एवढंच येत असतं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या वेळी खुद्द विम्बल्डनवाल्यांकडेही नसतं. बाकी बहुतेक प्रश्नांची उत्तरं देता येतात, म्हणून हा लेख.

कंपनीच्या, बँकेच्या किंवा पुरवठादाराच्या पैशानं जाणाऱ्यांसाठी तो आहे. स्वतःच्या खिशातून हॉस्पिटॅलिटी पॅकेज (सीट आणि जेवण एकत्र) घेणाऱ्यांनाही बराचसा उपयोगी पडेल.

आमंत्रण हातात पडलं की

आधी ते शांतपणे वाचा. कोर्ट कुठलं, तारीख कुठली, जेवणाचा मंडप मैदानाच्या आत की बाहेर, आणि विमान-हॉटेलचा खर्च कोणाचा. या चार गोष्टी लेखी हव्यात. "सगळं आमच्याकडे" असं फोनवर म्हणणाऱ्या यजमानाच्या 'सगळं'मध्ये विमानतळ ते हॉटेल ही टॅक्सी नसते, असा माझा अनुभव आहे.

कोर्टाचा मुद्दा महत्त्वाचा. सेंटर कोर्टात सुमारे 15,000 माणसं बसतात, नंबर वन कोर्टात 12,345. दोन्हींना सरकतं छत आहे. सेंटरला 2009 पासून, नंबर वनला 2019 पासून. म्हणजे पाऊस आला तरी तुमचा सामना होणार. बाकीच्या कोर्टांवर पाऊस आला की हिरवं कापड अंथरून सगळे आकाशाकडे बघत बसतात.

तिकिटाबद्दल एक सावधगिरी. विम्बल्डनचं साधं तिकीट सोडतीत लागतं किंवा रांगेत उभं राहून मिळतं, आणि ते दुसऱ्याला विकता येत नाही. कायदेशीरपणे हात बदलू शकणारं तिकीट डिबेंचरवाल्यांचं. ही मंडळी विम्बल्डन भरवणाऱ्या क्लबचे रोखे घेऊन पाच-पाच वर्षांसाठी सीट राखतात. 2026 ते 2030 साठी सेंटर कोर्टाच्या एका डिबेंचरची किंमत 1,16,000 पौंड होती. त्याखेरीज क्लबनं नेमलेल्या अधिकृत हॉस्पिटॅलिटी कंपनीचं पॅकेज असतं, त्यात सीट, दुपारचं जेवण, चहा आणि पेयं एकत्र येतात. तुमचं आमंत्रण या दोन्हींपैकी कुठल्या वाटेनं आलंय ते यजमानाला विचारा. कुणाच्या मेव्हण्याच्या मित्रानं 'जुगाड' केलेलं तिकीट असेल, तर दहा तास विमानात बसून गेटावरून परत यायची तयारी ठेवा.

तारीख निवडायची संधी मिळाली तर मी पहिला आठवडा सांगते. लोकांना फायनलचं आकर्षण असतं, ते साहजिकच आहे. पण टेनिसशी फार ओळख नसलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात जास्त मजा येते. सेंटर कोर्टावर साधारण तीन सामने असतात, आणि बाहेरच्या सगळ्या कोर्टांवरही खेळ जोरात चालू असतो. पहिल्या सोमवारी सेंटर कोर्टाचं उद्घाटन पुरुषांचा गतविजेता करतो, मंगळवारी महिलांची गतविजेती. त्यामुळे या दोन दिवसांत निदान एक मोठं नाव दिसण्याची शक्यता भरपूर असते. कोण कुणाशी खेळणार हे ठरवणारा ड्रॉ स्पर्धेच्या आधीच्या शुक्रवारी निघतो आणि कुठला सामना कुठे, ते आदल्या संध्याकाळी कळतं. त्याआधी कुणीही ठामपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

ऑफिस आणि सीए, दोघांनाही आधी सांगा

हे कुणाला आवडत नाही, तरी सांगते. नोकरी करत असाल तर आमंत्रण आलेल्या दिवशीच एचआर किंवा कंप्लायन्सला ईमेल टाका. ब्रिटनचा 2010 चा लाचविरोधी कायदा कडक आहे, त्यामुळे तिकडच्या कंपन्या पाहुणचाराच्या नोंदी ठेवतात. तुमच्याकडेही लेखी परवानगी असलेली बरी. करार नूतनीकरणाला आलाय आणि समोरचा पक्ष विम्बल्डनला बोलावतोय, असं असेल तर गोड बोलून नाही म्हणा. सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातल्या माणसानं वरिष्ठांना विचारल्याशिवाय होकार द्यायचाच नाही.

डीलर, कंत्राटदार, सल्लागार यांच्यासाठी दुसरी गोष्ट. 1 जुलै 2022 पासून धंद्याच्या संबंधातून मिळालेला लाभ वर्षाला 20,000 रुपयांच्या वर गेला की देणाऱ्याला त्यावर 10 टक्के टीडीएस पाहावा लागतो. ही तरतूद आली ती 194आर या कलमानं. सीएला एवढा आकडा सांगितला तरी पुरतं. विमानाचं तिकीट, हॉटेल, सामन्याची सीट यांची किंमत धरली तर 20,000 कधीच ओलांडलेले असतात. लाभ वस्तूच्या किंवा सहलीच्या रूपात असेल तर कर आधी भरला गेलाय याची खात्री देणाऱ्यानं करायची असते. काही कंपन्या तो स्वतः सोसतात, काही तुमच्याकडून घेतात. विमानतळावर चेक मागितला गेला की माणूस चिडतो, म्हणून मार्चमध्येच विचारून ठेवा.

व्हिसा

शेंगेनचा व्हिसा ब्रिटनला चालत नाही. दरवर्षी कुणीतरी "माझ्याकडे युरोपचा आहे ना" म्हणतंच.

ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा निघण्याच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून मागता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. जूनमध्ये मुंबईतली निम्मी कुटुंबं सुट्टीसाठी लंडनच्या वाटेवर असतात, तेव्हा एप्रिलमध्ये अर्ज करून मोकळे व्हा. फॉर्म ऑनलाइन, मग बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आयटी रिटर्न, पगारपत्रक किंवा धंद्याची कागदपत्रं. मराठीत असलेल्या कागदाला इंग्रजी भाषांतर जोडा. सातबारा आणि गुमास्ता परवाना तिकडच्या अधिकाऱ्याला वाचता येत नाही.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा एकाच जागी: खर्च कोण करतंय. यजमान करत असेल तर त्याचं पत्र लावा. त्यात तारखा, हॉटेल, सामन्याचा दिवस आणि तो काय-काय देणार हे स्पष्ट असावं. फॉर्ममध्येही तेच लिहा. खात्यात आदल्या आठवड्यात मामांकडून आलेले पाच लाख दाखवू नका. असा अचानक आलेला पैसा मदत करण्याऐवजी संशय वाढवतो.

एक संध्याकाळ टेनिससाठी

यजमानाशेजारी बसून "हे 15, 30 आणि मग एकदम 40 कसं" असं विचारणं वाईट नाही, पण निघण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं: पुरुषांचा सामना पाचांतले तीन सेट, महिलांचा तिनांतले दोन. 2022 पासून शेवटच्या सेटमध्ये 6-6 झालं की दहा गुणांचा टायब्रेक, म्हणजे निकाल लावणारा छोटा डाव होतो, त्यामुळे 2010 मधला इस्नर-माहूचा 11 तास 5 मिनिटांचा, 70-68 वर संपलेला सामना आता पुन्हा होणार नाही. 2025 पासून लाइन अंपायरही नाहीत. चेंडू बाहेर गेला की यंत्र ओरडतं.

गप्पांसाठी आपल्याकडचा माल भरपूर आहे. रामनाथन कृष्णन 1960 आणि 1961 ला उपांत्य फेरीत गेले होते. विजय अमृतराज दोनदा उपांत्यपूर्व फेरीत. 1999 ला लिअँडर पेस आणि महेश भूपती दुहेरीत जिंकले, 2015 ला सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगीस. यजमान इंग्रज असेल तर तुमच्या तोंडून कृष्णनांचं नाव ऐकून खूश होतो. क्रिकेटवर गाडी नेऊ नका. नेलीत तर दुपार तिथेच संपते.

सवय मुंबईत करता येते. चर्चगेटच्या सीसीआयच्या (क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या) कोर्टांवर महिलांची मुंबई ओपन होते. 2017 ला तिथे जिंकलेली आर्यना सबालेन्का पुढे जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू झाली. एक सामना तिथे बसून बघा. गुण चालू असताना गप्प कसं राहायचं, हे वानखेडेवर वाढलेल्या माणसाला शिकावंच लागतं.

कपडे आणि पिशवी

पांढरे कपडे खेळाडूंना सक्तीचे आहेत, तुम्हाला नाहीत. आमच्या एका दादरच्या काकांनी पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पांढरे बूट शिवून-विकत घेतले होते. दिवसभर लोक त्यांना कर्मचारी समजून वाट विचारत होते.

हॉस्पिटॅलिटीत नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो. पुरुषांना जाकीट चांगलं, टाय लागेलच असं नाही. फाटकी जीन्स, अर्धी चड्डी, व्यायामाचे बूट नकोत. सेंटर कोर्टातल्या मानाच्या पाहुण्यांच्या जागेचे, म्हणजे रॉयल बॉक्सचे नियम वेगळे: 2015 ला लुईस हॅमिल्टनला जाकीट-टाय नसल्यानं तिथे बसता आलं नव्हतं. बायकांनी साडी बेलाशक नेसावी, मी नेसते. फक्त पदर पिनेनं पक्का करा, कारण सीट अरुंद असतात आणि पायऱ्या उभ्या. टोकदार टाचा हिरवळीत रुततात. मोठी टोपी मागच्याचं तोंड वाकडं करते.

जुलैची लंडनची हवा म्हणजे आपल्या पावसाळ्याची चुलत बहीणही नाही. दुपारी ऊन चटके देईल आणि सात वाजता शाल लागेल. घडी करता येणारा रेनकोट आणि सनस्क्रीन, दोन्ही घ्या. छत्री कोर्टात उघडता येत नाही.

माणशी एकच पिशवी, 40 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. सेल्फी स्टिक आणि 300 मिलिमीटरवरच्या लेन्स गेटावर अडवतात. फोनला पॉवर बँक हवीच, कारण तिकीट बहुधा ॲपमध्ये असतं. ते हॉटेलच्या वायफायवर आदल्या रात्री उघडून बघा. ओळखपत्रावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळतंय ना, तेही बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालायची पद्धत आहे, त्यामुळे एका पाहुण्याचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिलं गेल्याचं मी पाहिलंय.

त्या दिवशी सकाळी

आदल्या दिवशी पोहोचलेले असा. उतरल्या दिवशी सामना ठेवला तर तिसऱ्या सेटमध्ये तुम्ही घोरता, आणि कॅमेरा नेमका तेव्हाच वळतो.

यजमानाची गाडी नसेल तर मेट्रो सर्वांत बरी. डिस्ट्रिक्ट लाइनवर साउथफील्ड्स स्टेशनला उतरायचं, तिथून पंधरा मिनिटं चालायचं. पण गाडीच्या तोंडावरची पाटी वाचा. कल्याणला जशी कर्जत आणि कसारा अशी फाटाफूट होते, तशी ही लाइन अर्ल्स कोर्टला फुटते. विम्बल्डनची गाडी हवी, रिचमंड किंवा ईलिंगची नको. तिकीट काढायची गरज नाही, बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. आपलं कार्ड परदेशात चालू केलंय ना, ते मात्र मुंबईत असतानाच बघा.

गेट दहाला उघडतं. दहालाच जा. बाहेरच्या कोर्टांवर अकराला खेळ सुरू होतो, आणि ही माझ्या मते सगळ्या दिवसातली सर्वांत चांगली वेळ आहे. बाकावर बसलात की खेळाडू हातभर अंतरावर. चेंडूचा आवाज टीव्हीवर कधीच असा येत नाही. गवत फक्त 8 मिलिमीटर उंच कापलेलं असतं, त्यावर चेंडू किती खाली राहतो ते इथे दिसतं. पाऊण तास असा घालवा आणि मग जेवायला या. 18 नंबरच्या कोर्टाजवळ त्या 11 तासांच्या सामन्याची पाटी आहे, तिथे फोटो काढा.

जेवणाचं टेबल

आता ज्या चुकीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती. आमच्या पहिल्या वर्षी दहा जण जेवायला बसलो. आधी काहीतरी छोटं आलं, मग मोठं आलं, मग गोड. यजमान उत्साहात, ग्लास भरले जातायत. सेंटर कोर्टाचा खेळ दीडला सुरू होतो. आम्ही मंडपातून निघालो सव्वादोनला, आणि प्रवेशाशी पोहोचलो तर सामना चालू असल्यामुळे आत सोडेनात. एक अख्खा सेट आम्ही टेबलावर घालवला होता. चूक सर्वस्वी माझी. घड्याळ माझ्याकडे होतं.

तेव्हापासून माझा हिशेब असा: जेवण मुंबईतही मिळतं, ती सीट मिळत नाही. एक वाजून दहा मिनिटांनी मी उठते, गोड राहिलं तर राहिलं. पाहुण्यानं आधी उठणं यजमानाला अपमान वाटेल अशी आपल्याला भीती असते. पंगतीतून उठू नये हे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं. तिथे तसं काही नाही. "पहिला सामना बघून येतो, चहाला भेटू" एवढं म्हटलं की यजमान खूशच होतो, कारण त्यानं पैसे त्या सीटचेच भरलेत. चार वाजताच्या सुमाराला स्कोन्स आणि सँडविचेसचा चहा असतो. धंद्याच्या गप्पांना ती वेळ राखून ठेवा.

खाण्याच्या अटी एक महिना आधी ईमेलनं कळवा. 'व्हेज' एवढंच लिहू नका. अंडं चालतं का, जैन जेवण हवं का, कांदा-लसूण नको का, हे एकेका नावापुढे लिहा. गोडाच्या पदार्थांत जिलेटिन असू शकतं, तेही विचारा. उपासाचाही विचार करा. 2025 ला आषाढी एकादशी 6 जुलैला, म्हणजे नेमकी स्पर्धेच्या मधल्या रविवारी आली होती. साबुदाणा तिथे मिळणार नाही, पण स्ट्रॉबेरी आणि क्रीम उपासाला चालतं. तो तिथला प्रसादच. 2025 ला एका वाटीला 2.70 पौंड पडत होते. क्रीम महाबळेश्वरसारखं फेटलेलं नसतं, दुधासारखं वरून ओतलेलं असतं. पहिल्या घासाला थोडी निराशा होते, तिसऱ्याला नाही.

आणि ते पिम्स. उंच ग्लासात काकडी, पुदिना, स्ट्रॉबेरी, संत्र्याची फोड. दिसतं अगदी फळांचं सरबत. आमच्या न पिणाऱ्या एका मामींनी तहान लागली म्हणून अर्धा ग्लास घेतला आणि "लेमन सोडा जरा उग्र आहे" म्हणाल्या. त्यात जिनपासून बनवलेलं मद्य असतं. न पिणाऱ्यांनी ट्रेवरचा ग्लास उचलण्याआधी विचारावं. पिणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की खेळ रात्री अकरापर्यंत चालू शकतो.

सीटवर बसल्यावर

आत-बाहेर करायचं ते खेळाडू बाजू बदलताना थांबतात तेव्हाच. दारावरचे स्वयंसेवक हात करतील, तोवर उभं राहा. यांत लष्करातले जवानही असतात, त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

सर्व्हिससाठी चेंडू आपटला जाऊ लागला की बोलणं बंद, फोन सायलेंट, फ्लॅश बंद. गुण संपला की हवं तेवढं ओरडा. समोरच्यानं डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवल्या, म्हणून टाळ्या वाजवणं मात्र तिथे असभ्य मानतात. व्हिडिओ कॉल लावून आईला सेंटर कोर्ट दाखवायचं असेल तर दोन सामन्यांच्या मध्ये, बाहेर येऊन. भारतात तेव्हा साडेचार तास पुढची वेळ असते. तिथला दीड म्हणजे इथले सहा, आई मालिकेआधी मोकळी असते.

छत बंद व्हायला साधारण दहा मिनिटं लागतात, पण खेळ लगेच सुरू होत नाही, आतली हवा जुळायला वेळ देतात. तेवढ्यात पाय मोकळे करा, रांग नसलेलं स्वच्छतागृह गाठा. आणि संध्याकाळी एकदा तरी टेकडीवर जा, जिथे मोठ्या कोर्टांचं तिकीट न मिळालेले लोक हिरवळीवर बसून मोठ्या पडद्यावर सामना बघतात. मंडपातल्यांपेक्षा ते जास्त ओरडतात.

परतताना आणि नंतर

शेवटचा सामना संपायच्या जरा आधी निघालात तर साउथफील्ड्सची गर्दी टळते. सामना रंगलेला असेल तर निघू नका, गर्दी सोसा. दादरला सोसतोच की. उजेड साडेनऊपर्यंत असतो, त्यामुळे परतीचं चालणं त्रासाचं होत नाही.

दुसऱ्या दिवशी यजमानाला चार ओळींचं आभारपत्र लिहा, त्यात कालच्या सामन्यातला एखादा क्षण घाला, म्हणजे तुम्ही खरंच बघितला हे कळेल. भेट द्यायची तर छोटी. मी पैठणीच्या काठाचा टेबल रनर नेते, जो पिशवीत मावतो आणि कुणाच्या नोंदवहीत अडचण करत नाही.

मुंबईला आल्यावर बोर्डिंग पास, हॉटेलचं बिल आणि आमंत्रणाची प्रत एका पाकिटात घालून सीएकडे द्या. रिटर्न भरण्याआधी आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कर-विवरणात त्या टीडीएसची नोंद आली का ते बघा. नोंद नसेल तर देणाऱ्या कंपनीच्या अकाउंट्सला फोन करा. त्यांनी उचलला नाही तर बोलावणाऱ्या माझ्यासारख्या बाईला करा.